दहावीनंतरचा जून

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख, आईचं नाव, वर्तणूक यांच्यासोबत एक रकाना असतो : शाळा सोडण्याचे कारण. दहावी झालेल्या मुलामुलींच्या दाखल्यावर तिथे बहुतेक वेळा ‘पुढील शिक्षणासाठी’ असं लिहिलेलं सापडतं. मुलगी अकरावीला जाणार असो, ऊसतोडीला जाणार असो की दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलेलं असो, शब्द तेच. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली तिची ओळ तिथे संपते. कॉलेजच्या रजिस्टरात तिचं नाव चढेल ते प्रवेश घेतला तर. मधल्या काळात ती कुठल्याच वहीत नसते. माझं संशोधनातलं सगळं आयुष्य या मधल्या काळाचा माग काढण्यात गेलं आहे.

शिक्षणशास्त्रात एम.ए. झाल्यावर मला पहिलं काम मिळालं ते सर्वेक्षणाचं. शाळाबाह्य मुलं शोधायची, वाड्यावस्त्यांवर, वीटभट्ट्यांवर, पालांवर. प्रश्नावलीत वयाची मर्यादा ६ ते १४. बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर एका बाईनं मला मध्येच थांबवलं. “ताई, धाकट्याचं लिहून घ्यायलात, मग थोरलीचं का नाही?” थोरली सोळा वर्षांची होती, दहावी होऊन घरी बसलेली. तिच्यासाठी माझ्याकडे रकाना नव्हता. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, त्यानंही हक्काची हद्द १४ वर्षांवरच ठेवली. १४ नंतर काय, हे विचारण्याची जबाबदारी कायद्याने कोणावरच टाकलेली नाही.

पीएच.डी.साठी मी विषय नेला तो ‘दहावीनंतरच्या गळतीची कारणे’ असा. माझे मार्गदर्शक म्हणाले, “कारणं विचारलीस तर लोक कारणं सांगतील. गरिबी, आवड नाही, घरची परिस्थिती. आधी काय काय झालं ते विचार. कुठल्या महिन्यात काय झालं ते.” या एका सल्ल्यावर पुढची सगळी वर्षं उभी राहिली.

आधी कागद वाचले. देशाच्या शिक्षणावरच्या कोठारी आयोगाचा १९६६ चा अहवाल मी त्या वर्षी पहिल्यांदा सलग वाचला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे. त्यांना आम्ही शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी नावाने ओळखत होतो, पण त्यांनी नेमकं काय मागितलं होतं ते वाचलेलं नव्हतं. दहा अधिक दोनचा आराखडा मांडताना आयोगाची अपेक्षा अशी होती की दहावीनंतर शिकणाऱ्यांपैकी निम्मे विद्यार्थी पूर्णवेळ किंवा अर्धवेळ व्यावसायिक शिक्षणात असावेत, आणि हे १९८६ पर्यंत व्हावं. १९८६ उजाडलं तेव्हा नव्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिकसाठी उद्दिष्ट ठेवलं १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के. २०२० च्या धोरणात पुन्हा निम्म्या विद्यार्थ्यांची भाषा आली, या वेळी २०२५ पर्यंत आणि शाळा-कॉलेज मिळून. त्याच २०२० च्या दस्तऐवजात बाराव्या पंचवार्षिक योजनेतला आकडा दिला आहे : १९ ते २४ वयाच्या कामकरी तरुणांपैकी रीतसर व्यावसायिक शिक्षण घेतलेले ५ टक्क्यांहून कमी. हे आकडे मी जिथे जाते तिथे फळ्यावर लिहिते. माणसं बेफिकीर होती असं मला वाटत नाही. नाईकांसारख्या माणसाने आयुष्य वेचलं यात. पण उद्दिष्टं कायम अभ्यासक्रमांची ठरली, जागांची ठरली. मूल एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत पोचतं कसं, या चालण्याचा हिशोब कोणी मांडला नाही.

अमेरिकेत १९७२ सालच्या बारावीच्या बॅचचा देशभर पाठपुरावा झाला, तोही चौदा वर्षं. आपल्याकडे आंध्र-तेलंगणात ‘यंग लाइव्हज’ या अभ्यासाने २००२ पासून मुलांचा असाच माग ठेवला. मला हे एका तालुक्यात करायचं होतं. बीड जिल्हाच घेतला, कारण तिथून मुलं किती वेगवेगळ्या वाटांनी पांगतात ते मी सर्वेक्षणात पाहिलं होतं. मार्च २०१२ ला दहावीला बसलेली काही शाळांची मुलं-मुली, पास-नापास सगळी, अशी यादी मुख्याध्यापकांकडून घेतली आणि कामाला लागले.

आमचं मुख्य साधन होतं एक मोठा कागद. आडवे महिने, उभे चार रकाने : शिक्षण, काम, घर, मुक्काम. नुसतं “ऑगस्टमध्ये काय करत होतास?” असं विचारलं तर कोणाला आठवत नाही. म्हणून महिन्यांच्या वर आम्ही आधी सण आणि हंगाम लिहून घ्यायचो. पंचमी, पोळा, दिवाळी, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या तो आठवडा, साखर कारखाना बंद झाला तो आठवडा, गावची जत्रा. मग मुलगा स्वतःच पेन हातात घेऊन सांगायचा, “पोळ्याला मी गावातच होतो. म्हणजे कंपनीत गेलो ते त्याच्या नंतर.” एका कागदाला दीड-दोन तास लागायचे. घरचे भोवती जमायचे, दुरुस्त्या सुचवायचे, भांडायचेही. आजीला सगळ्यात पक्कं आठवायचं.

या कागदांवर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायला लागली. जवळजवळ प्रत्येकाची पुढची वाट जून ते ऑगस्ट या तीन चौकटींत वळलेली होती, आणि ती वळली त्यात ‘निवड’ म्हणावी असं फार थोडं होतं.

एका मुलाचं सांगते. गणितात चांगला, घरातली मोटर स्वतः दुरुस्त करणारा. त्याने आयटीआयचा ऑनलाइन फॉर्म भरला होता, इलेक्ट्रिशियन पहिल्या पसंतीला. पहिल्या फेरीत नंबरही लागला, जिल्ह्याच्या ठिकाणी. पण फॉर्मवर मोबाइल नंबर वडिलांचा होता आणि त्या फोनचा रिचार्ज संपलेला. मूळ कागदपत्रं घेऊन हजर राहायची मुदत अवघी काही दिवसांची असते. जातीचा दाखला सेतू केंद्रात अडकलेला, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठी भेटत नव्हते. आपला नंबर लागला होता हे त्याला सायबर कॅफेत कळलं, तेव्हा मुदत उलटून गेली होती. त्याच्या कागदावर जूनच्या चौकटीत ‘आयटीआय फॉर्म’ आहे, जुलैची चौकट रिकामी आणि ऑगस्टमध्ये ‘गावातच अकरावी आर्ट्स’. कुठल्याही सरकारी तक्त्यात हा मुलगा ‘उच्च माध्यमिक शिक्षण सुरू, शाखा : कला’ असाच दिसेल.

म्हणूनच ‘असर’ सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात, १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांमध्ये अकरावी किंवा त्यापुढे शिकणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त कला शाखेत असल्याचं वाचलं, तेव्हा मला त्या आकड्यात अशी कितीतरी ऑगस्ट महिन्यातली ॲडमिशनं दिसली. कला शाखा हलकी नाही. इतिहास-मराठीवर जीव असलेली मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांच्यासाठी ती शाखा हवीच. पण जी मुलं दुसरं दार वेळेत गाठता आलं नाही म्हणून तिथे आली, त्यांना तिथे कोणी काही शिकवतही नव्हतं. परीक्षेपुरतं जायचं, बाकी दिवस रानात.

नापास झालेल्यांचं वेगळंच. वेल्डर, वायरमन, प्लंबर अशा ट्रेडना दहावी नापास मुलंही जाऊ शकतात हे निकालाच्या दिवशी त्यांना सांगणारं कोणी नसायचं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते हेही अनेकांना दोन-तीन वर्षांनी कळलं, तेही कंपनीतल्या एखाद्या मित्राकडून.

ऊसतोडीच्या घरांत तर वेळापत्रक कारखान्याचं. दिवाळीच्या आसपास टोळी निघते. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते ती जोडीवर, नवरा-बायकोच्या एका कोयत्यावर. दहावीनंतर घरी बसलेला मुलगा आणि घरी बसलेली मुलगी, दोघांचं लग्न झालं की नवा कोयता तयार होतो आणि नवी उचल मिळते. हे क्रूर वाटतं, पण ती उचल बहुतेकदा आधीच्या कर्जात आणि लग्नाच्याच खर्चात जाते, हे त्या बापांनी मला बोटं मोजून दाखवलं आहे. शिक्षण की लग्न असा प्रश्न त्या घरात कधी मांडला जात नाही. जूनमध्ये कॉलेजात नाव लागलं असेल तर मुलगी आजीजवळ गावात राहते. नाव लागलं नसेल तर तिला एकटं मागे कसं ठेवायचं, हा प्रश्न दिवाळीला उभा राहतो आणि त्याचं उत्तर सासर असतं.

मुलींचा पाठपुरावा हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग. लग्न झालेल्या मुलीला अनोळखी नंबरवरून फोन गेला तर तिकडे पहिला प्रश्न येतो, “कोणाचा फोन?” आणि त्याचा त्रास तिला होतो. म्हणून आम्ही ठरवलं की सासरी फोन करायचाच नाही. पंचमीला, दिवाळीला मुली माहेरी येतात, तेव्हा आम्ही गावात असायचं. माझे कितीतरी सण असे झाले. त्या कागदाशी येऊन बसायच्या, मांडीवर लेकरू, आणि शिक्षणाच्या रकान्याशी आल्या की आवाज बदलायचा. एकीनं मला म्हटलं, “ताई, ह्या चौकटीत लिहा की मी पुस्तकं विकली नाहीत.” मी लिहिलं.

देशाच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात या मुलींना कोड ९२ किंवा ९३ मिळतो. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकामासोबत घरच्यासाठी सरपण-चारा आणणं, शिवणकाम वगैरे. शिकत असेल तर ९१. आता एक मुलगी घ्या. ती दोन म्हशींचं बघते, बाहेरचे ब्लाउज शिवते, आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ला तिचं नाव आहे. तिला कुठे बसवायचं? आमच्या कागदावर ती शिक्षण, काम आणि घर अशा तीन रकान्यांत एकाच वेळी होती. मुक्त विद्यापीठाबद्दल शहरात नाक मुरडणारे भेटतात. बारावी न झालेल्यांसाठी तिथे तेव्हा पूर्वतयारी शिक्षणक्रम होता, आणि आमच्या यादीतल्या ज्या मुली लग्नानंतर पुन्हा शिक्षणाकडे वळल्या, त्यांच्यातल्या बऱ्याच जणी त्या एकाच दारातून आत आल्या. अंगणवाडीत, बचत गटाच्या हिशोबाला, आशा कार्यकर्ती म्हणून त्या उभ्या राहिल्या. ते दार उघडं होतं याचं मोल मी जाणते.

मुलं पांगली रांजणगाव, चाकण, वाळूजच्या कारखान्यांकडे. त्यांच्या मागे मीही गेले. आठ-दहा जणांची एक खोली, दोन पाळ्यांची माणसं, एकाच गादीवर आळीपाळीने झोपणारी. आयटीआय झालेला मुलगा आणि बारावी आर्ट्स झालेला मुलगा एकाच लाइनवर, एकाच ठेकेदाराखाली दिसला की वाटायचं, त्या दोन वर्षांच्या ट्रेडचं झालं काय? १९६१ चा शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिपचा, कायदा आहे. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेनं मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे आहेत. २०१९ च्या बदलानंतर आयटीआय झालेल्याला दरमहा किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं. नियम चांगला आहे. पण खोलीवरच्या मुलांना आपण कायद्याने अप्रेंटिस आहोत, कुठल्या योजनेतले ट्रेनी आहोत की ठेकेदाराचे कामगार, हेच नीट माहीत नसायचं. ओळखपत्रावर वेगळं, पगाराच्या चिठ्ठीवर वेगळं. खरी अप्रेंटिसशिप मिळालेले आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा दिलेले जे थोडे होते, त्यांचा कागद पुढच्या चार-पाच वर्षांत स्पष्टपणे वेगळा दिसतो : एका कामावर जास्त महिने, खोलीऐवजी घर, गावाकडे पाठवलेल्या पैशांतून धाकट्या बहिणीची फी. त्यांच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मागे आयटीआयचे एखादे निदेशक असायचे, ज्यांनी स्वतः कंपनीत फोन करून “हा माझा पोरगा पाठवतोय” असं सांगितलेलं असायचं.

माणसं हरवू न देणं हे रोजचं काम. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि आमच्या यादीतले जुने नंबर धडाधड बंद पडले. तेव्हापासून प्रत्येकाकडून आम्ही एका अशा माणसाचा नंबर घेतो जो कुठे जात नाही. किराणा दुकानदार, मामी, पिठाच्या गिरणीवाले काका. संशोधनाचा पैसा तीन-तीन वर्षांचा येतो आणि अठरा वर्षांच्या मुलाची गोष्ट तीन वर्षांत पुरी होत नाही. मधली वर्षं मी शिकवण्यावर आणि इतरांच्या अभ्यासांत काम करून काढली, पंचमी मात्र चुकवली नाही. माझ्यासोबत फिरणाऱ्या दोघी याच यादीतल्या मुली आहेत. पहिल्या भेटीत त्यांचे कागद मी भरले होते, आता त्या इतरांचे भरतात, आणि माझ्यापेक्षा चांगले भरतात, कारण कुठे थांबून वाट बघायची ते त्यांना कळतं.

२०२१ ला दुसरी यादी घेतली. त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, ९९.९५ टक्के. दोनच वर्षांपूर्वी, २०१९ ला, तोच निकाल ७७.१० होता. नापास हा शब्दच त्या वर्षी जवळपास नाहीसा झाला. तरीही निकालानंतरच्या चौकटी रिकाम्या राहिल्याच, काही बाबतीत जास्त. पास झालेलं मूल कुठे गेलं हे शाळेनेही विचारलं नाही, कारण निकाल उत्तम होता. या बॅचनंतर माझी खात्री पटली की निकालाचा टक्का वाढवणं आणि पुढचं दार गाठणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यासाठी शिक्षण खात्याकडे पूर्ण यंत्रणा आहे. दुसऱ्यासाठी एक शिपाईसुद्धा नाही.

योजना येत राहतात आणि मी त्यांच्या विरोधात नाही. २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली, बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. त्याच वर्षी व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींची फी माफ झाली. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन आहे. या सगळ्याचा फायदा दारापर्यंत आलेल्याला होतो. ऑनलाइन प्रवेशामुळे तर पहिल्यांदाच असं शक्य झालं आहे की दहावी पास झालेल्यांची यादी एकीकडे, आणि अकरावी, आयटीआय, पदविकेला गेलेल्यांच्या याद्या दुसरीकडे ठेवून, कुठेच न दिसणारी नावं ऑगस्टमध्ये तालुक्याला कळावीत. हे मी प्रत्येक बैठकीत मागते. नावं कळली की काय करायचं हे गावातल्या शिक्षकांना सांगावं लागत नाही.

आमच्या तालुक्यातल्या काही शाळांनी वाट बघितली नाही. एका मुख्याध्यापकांनी दोनशे पानी वही घातली आणि दाखला दिलेल्या प्रत्येक मुलाला पुढची दोन वर्षं त्या वहीत जागा दिली. प्रत्येकाला तीन फोन. निकालाच्या आठवड्यात पहिला : फॉर्म कुठे भरलास, मोबाइल नंबर कोणाचा टाकलास, दाखले निघाले का? जुलैच्या मध्यात दुसरा : नंबर कुठे लागला, बस आहे का, हजर झालास का? आणि तिसरा दिवाळीच्या आधी. हा तिसरा फोन सुरुवातीला शिक्षकांना निरर्थक वाटायचा, प्रवेश तर केव्हाच संपलेले असतात. आता ते याच फोनला सगळ्यात जास्त वेळ देतात. टोळी निघायला आठ-पंधरा दिवस असतात, आई-वडील दोघंही गावात सापडतात, आजीजवळ कोण राहणार हे ठरत असतं, आणि पुढच्या जूनच्या फॉर्मसाठी जातीचा दाखला काढायला टाकायची हीच वेळ असते.